चौकातल्या लॅबची यादी

“काका, फायरवॉल बसवल्यावर आमच्या पेशंटचे रिपोर्ट तुम्हाला तरी दिसणार नाहीत ना?” मैत्रिणींनी ‘हिंमत असेल तर विचार’ म्हटलेला प्रश्न केतकीने विचारूनच टाकला.

व्हायरसने आईबाबांची पॅथॉलॉजी लॅब दोन दिवस बंद पाडली होती. धसका घेतलेले बाबा फायरवॉलच्या ऑर्डरवर सही करायला पेन उघडूनच बसले होते.

फायरवॉलवाले काका हसले. “अगं, चौकातल्या लॅबलाही मीच बसवलीय. हे बघ, इथूनच त्यांचा कॉम्प्युटर उघडतो!”

आई कौतुकाने पुढे वाकली. लॅपटॉपवर पेशंटची यादी आली. तिसरं नाव केतकीच्या गणिताच्या बाईंचं होतं, पुढे कोणती तपासणी तेही.

तिने बाबांच्या हातातलं पेन काढून घेतलं. “आई, बाबा, यांच्याकडून नाही घ्यायची. उद्या आपली यादी हे तिसऱ्या लॅबमध्ये दाखवतील.”