उभी रांगोळी

निळीची रिकामी बाटली. चुन्याची बादली. दारातली ठिपक्यांची रांगोळी. चष्मा घातलेली म्हैस.

यांतली म्हैस सोसायटीच्या कुंपणाच्या भिंतीवर रंगवलेली होती, निळीशार, आणि तिच्या नाकावरचा चष्मा थेट चेअरमन सरपोतदारांचा होता.

"हे विद्रूपीकरण आहे! दोषीचं नाव फळ्यावर लिहिणार!" म्हणत त्यांनी कुंचला चुन्यात बुडवला.

"अहो, मग आधी आपल्या दारातली रांगोळी पुसा," त्यांची बायको कुमुद म्हणाली.

"अगं, ती जमिनीवर असते!"

"मग भिंत आडवी करून घ्या."

शेजारच्या तांबोळीकाकू खो खो हसल्या. "काही म्हणा, म्हैस मात्र हुबेहूब चेअरमनसाहेब!"

सरपोतदार चिडून वळले आणि त्यांना कुमुदचा हात दिसला. पाचही नखं निळी. म्हणजे फळ्यावर लिहायचं 'सौ. सरपोतदार'.

"मग भाऊजी, नाव कोणाचं लिहिताय?" काकूंनी विचारलं.

सरपोतदार म्हशीभोवती चुन्याचे ठिपके देऊ लागले. "नाव कसलं? रांगोळीच आहे ही. उभी."

नीळ गुरुवारी त्यांनीच आणली होती, स्वतःच्या पांढऱ्या सदऱ्यांसाठी.