ब्लॅकआउटमधला धवला

"एक स्टार." वासंतीनं मोबाइल ओट्यावर आपटला. "सगळे पेपरवाले सिनेमा डोक्यावर घेऊन नाचतायत आणि हा कोण 'राईकर' उपटलाय?"

हौसाबाई बोंबील साफ करत होत्या. मान वर न करता लेकीला म्हणाल्या, "वाच परत."

वासंतीनं दात-ओठ खात वाचलं. 'एकाहत्तरच्या लढाईत भोंगा झाला, हॉटेलातले दिवे गेले. लोक दाराकडं धावले, तेव्हा अंधारात ट्रम्पेट वाजवून त्यांना कमळाकरनं थांबवलं, असं सिनेमा सांगतो. साफ खोटं. वाजला तो धवला. आमच्या लग्नात हे गाणं फक्त बायका गातात. कमळाकरला तर गावच्या गाण्यांची लाज वाटायची.'

वासंतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लग्नाच्या बँडमधला तिचा बाप कमळाकर राई गावातून मुंबईच्या हॉटेलात जॅझ वाजवायला गेला, आणि त्या एका संध्याकाळीनं त्याचं नाव झालं. जॅझमध्ये कोळी सूर मिसळणारा पहिला माणूस, असं समीक्षक आत्ता कुठं लिहायला लागले होते. माणूस जाऊन बारा वर्षं झाल्यावर. येत्या रविवारी राईच्या नाक्याला त्याचं नाव द्यायचं ठरलं होतं. आणि सकाळीच नगरसेवकाचा फोन, "मॅडम, पहले ये मॅटर क्लिअर करो, फिर बोर्ड लगायेंगे."

"मेल्याला आत्ताच माती कालवायची होती," ती म्हणाली. "बाबा उत्तर द्यायला नाहीत ना, म्हणून. समोर आला तर थोबाड फोडीन त्याचं."

"मम्मी, पुरे ना," तिची मुलगी अनुष्का दारातून म्हणाली. ती आजीकडं बघत होती.

"तू गप गं. तुझ्या पिढीला आजोबा म्हणजे फोटोतला माणूस."

"सिनेमात सगलं खरं हाय?" हौसाबाईंनी विचारलं.

"इकडचं तिकडं होणारच, आये. रोज संध्याकाळी त्या हॉटेलच्या किचनमध्ये पापलेट घेऊन तू जायचीस, ते कुठं दाखवलंय? तुला आपलं खाडीवर रडत बसवलंय. बाबांचं ट्रम्पेट तू घासायचीस, फुंकून बघायचीस, तेही गाळलं. मी बोलले काही? पण बाबांची ती संध्याकाळ कोणी हिसकावली तर मी ऐकून घेणार नाही."

हौसाबाईंनी बोंबलाचं डोकं कापून बाजूला टाकलं. "गालायचंच व्हतं त्यांना."

"ते सोड. रविवारी तू माइकवर बोलायचंस. तू त्यांची बायको, तुझा शब्द कोण मोडणार? सांग, हा राईकर खोटारडा आहे. आणि बाबांनी नाही वाजवलं, तर ज्यानं वाजवलं त्यानं यावं स्टेजवर. सगळ्यांसमोर वाजवून दाखवावं. आहे हिंमत?"

हौसाबाईंनी विळी सारली. साबणानं हात धुतले, पदराला पुसले.

"अनुष्काला मीच लिवायला सांगितलं," त्या म्हणाल्या. "पन्नासच्या वर वर्सं गप रायले. दिवे गेले तवा तुजा बापूस पियानोखाली शिरला व्हता. ट्रम्पेट मी उचललं. रविवारी किती वाजता यायचं?"