गॅलरीला सांगतं कोण?

"शिंगरूला उतरवा!" गॅलरीतून आरोळी आली. पाठोपाठ दुसरी: "गुरुवारी बंद दाराआड कोण जिंकलं, तेही सांगा की, सर!"

प्रशिक्षकाने मान वळवली नाही. गुरुवारच्या सरावाला दार त्याने स्वतः आतून लावले होते. शिंगरूने कर्णधाराला एकास एक खेळात धूळ चारली, ते पाहणारे सगळे संघातलेच होते. मग बातमी भिंतीपलीकडे गेली कशी?

शिंगरू म्हणजे कॉलेजच्या बास्केटबॉल संघातला पहिल्या वर्षाचा मुलगा. बाकावर बसलेला असतानाही उधळण्याच्या बेतात दिसणारा. कर्णधार शेवटच्या वर्षाचा, आणि प्रशिक्षकाचा सख्खा मुलगा. एवढ्या पुराव्यावर गॅलरीने निकाल देऊन टाकला होता.

"पोर कोवळं आहे हो. एवढ्यात उतरवून मोडायचंय का त्याला?" एक आजोबा म्हणाले.

"कोवळं? बाकावर बसून बसून पिकलं की आजोबा!" हा दातांचा डॉक्टर. गॅलरीत त्याच्याइतका आवाज कोणाचा नव्हता. "वाढपी घरचा असला की ताट कोणापुढे येतं, हे काय सांगायला हवं?"

हशा पिकला. सामना हातचा गेला.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बोलावून घेतले. "पुढच्या सामन्यात हा तमाशा पुन्हा झाला, तर संघ मी दुसऱ्याच्या हाती देईन," ते म्हणाले. बसायलाही सांगितले नाही.

प्रशिक्षक एरवी तर्कशास्त्र शिकवीत असे. संशय हा त्याचा व्यवसायच होता, आणि स्वतःला वगळून सर्वांवर तो घेण्याची शिस्त त्याने अंगी बाणवली होती. नियम साधा: ज्याचा लाभ, त्याचे कृत्य. सहायकाचा डोळा त्याच्या खुर्चीवर होता. मालिश करणाऱ्याला त्याने मुलांदेखत झापले होते. आणि शिंगरूचा मामा भाच्यासाठी गॅलरीत घसा फोडत होता. संशयित तीन. चौथ्याला जागाच नव्हती.

"घरभेदी आहे कोणीतरी," रात्री जेवताना तो मुलाला म्हणाला.

"पण लोक ओरडतात, त्यात खोटं काय आहे, बाबा?"

"खरंखोटं हा प्रश्नच नाही. आतलं बाहेर जातं कसं, हा प्रश्न आहे."

"शिंगरूला उतरवून तर बघा. आपोआप गप्प बसतील."

"तुझ्या जागी? मन मोठं आहे तुझं, ठीक आहे. पण राज्य संघाच्या निवड समितीची माणसं येणार आहेत. माझं जे राहून गेलं, ते तुझ्या हातून व्हायचंय."

"बाबा, मला एक..."

"भाजी घे."

"बोलू तरी द्या की त्याला," आई म्हणाली. पण तोवर बापाचे लक्ष सापळ्याकडे वळले होते.

सापळा नामी होता. सहायकाला त्याने कानात सांगितले, शिंगरूचा गुडघा अधू आहे. मालिश करणाऱ्याला सांगितले, पोरगं परीक्षेत आपटलंय. मामाला बाजूला घेऊन म्हणाला, "पुढच्या सामन्यात भाचा पहिल्यापासून खेळणार. या कानाचं त्या कानाला कळू देऊ नका." तीन माणसे, तीन थापा. यातली जी गावभर होईल, ती आपल्या धन्याचे नाव सांगेल.

सामन्याच्या आदल्या दिवशी तो दातांच्या डॉक्टराकडे गेला. दाढ खरोखरच ठणकत होती. संशयाने दात खाऊन खाऊन ती हलली असावी. पण मुख्य हेतू वेगळा होता. गावातल्या सगळ्या गप्पा त्या दवाखान्याच्या बाकावर येऊन टेकत.

बाकावर वाद चाललाच होता. त्याला पाहून आवाज खाली आले, विषय मात्र बदलला नाही. गुडघा कोणी काढला नाही. परीक्षेचा उल्लेख नाही. पहिल्यापासून खेळणार, असेही कोणी म्हणाले नाही. तिघांनी तिन्ही थापा इमानाने पोटात ठेवल्या होत्या.

"कळलं का?" एक बाई शेजारणीला कुजबुजली. "काल व्यायामशाळेतल्या फळ्यावर सरांनी शिंगरूचं नाव लिहिलं. मग पुसलं, आणि पुन्हा आपल्या पोराचं घातलं."

 गोष्ट खरी होती. पण काल सहायक रजेवर होता, मालिश करणारा फिरकलाच नव्हता, आणि शिंगरू तर फळा लिहिण्याआधीच घरी गेला होता, मग मामाला सांगणार कोण? त्याच्याच सापळ्याने तिन्ही संशयित एका फटक्यात निर्दोष सोडले होते. खोटे कोणी फोडत नव्हते. फुटत होते ते फक्त खरे.

आतून हाक आली. खुर्ची मागे कलली, डोळ्यांवर दिवा आला.

"डॉक्टर, मानापमान गुंडाळून एकच विचारतो," तो म्हणाला. "तुम्हाला हे सगळं सांगतं कोण? उद्या माझा संघ जाईल. निदान नाव तरी कळू द्या."

डॉक्टर हातमोजे चढवता चढवता थांबला. "खरंच माहीत नाही तुम्हाला? मी समजत होतो, माहीत असून कानाडोळा करताय."

"नाही माहीत."

"आ करा. मोठा. अजून."

तोंडात आरसा गेला, मग नळी. आता त्याला बोलता येत नव्हते. कदाचित म्हणूनच डॉक्टरचा गॅलरीतला आवाज एकदम खाली आला.

"तुमचा मुलगा, सर. दर आठवड्याला इथे येऊन बसतो. दात ठणठणीत आहेत त्याचे, तपासलेत मी. म्हणतो, 'काका, मला हा खेळ कधीच नको होता. घरी सांगून थकलो. आता तुम्ही सगळे मिळून ओरडा, म्हणजे बाबा मला बाकावर बसवतील.'"