कायदेबाईंचं बोट

"टोपण परत लावलंत? तुम्ही?" इन्चार्ज सिस्टरांचा विश्वासच बसेना.

वाहत्या नळाखाली बोट धरून ती म्हणाली, "लावलं. हात चळला."

सगळा वॉर्ड तिला कायदेबाई म्हणायचा. वापरलेल्या सुईला टोपण लावायचं नाही, तशीच डब्यात टाकायची, हे तिने कितीतरी नव्या नर्सेसच्या डोक्यात कोंबलं होतं. उभ्या नोकरीत तिला सुई टोचली नव्हती. आणि आता टोचली ती कोणाची, तर होणाऱ्या जावयाची.

"सासू टोचून बोलते ठाऊक होतं," धाकटी नर्स म्हणाली. "जावई टोचल्याचं आजच ऐकतेय."

इन्चार्ज सिस्टरांनी तिला डोळ्यांनीच दटावलं.

जावई खिडकीजवळच्या पलंगावर होता. ताप उतरायचा, परत चढायचा. वजन घटलेलं, जिभेवर पांढरा थर. डॉक्टरांनी एचआयव्हीच्या तपासणीचं नाव काढलं तेव्हा त्याने तोंड फिरवलं होतं. "लग्न तोंडावर आलंय डॉक्टर. घरात कळलं तर काय म्हणतील?" त्याच्या सहीशिवाय ते रक्त तपासता येत नव्हतं. विषय तिथेच राहिला.

आता डॉक्टर पुन्हा त्याच्याकडे गेले. "तुम्हाला दिलेल्या इंजेक्शनची सुई सिस्टरांना टोचलीय."

तो ताडकन उठून बसला. "मावशींना? आणा तो कागद. त्यांच्या जिवापुढे माझी लाज कसली!"

सही झाली. रक्त गेलं.

निरोप मिळताच मुलगी धावत आली. "संसर्ग टाळायची पहिली गोळी घेतलीस? लगेच घ्यायची असते ना? तूच सांगतेस सगळ्यांना."

"रिपोर्ट तर येऊ दे. त्या गोळ्यांनी पोटात ढवळतं."

"आई, हट्ट करायची वेळ आहे का ही?"

"मग तुझा हट्टीपणा आला कुठून असं वाटतं तुला?"

मुलीचे डोळे भरले. ती आईचं बोट धरून बाकावर बसली, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तशी. आई मात्र सारखी खिडकीजवळच्या पलंगाकडे बघत होती.

डॉक्टर आले ते एकट्या तिलाच आत घेऊन गेले. बोलण्याआधी त्यांनी दार लोटलं, तेवढ्यानेच तिला कळलं.

"पॉझिटिव्ह. त्याला मी सांगितलंय. घाबरायचं कारण नाही, वेळेवर गोळ्या घेतल्या तर माणूस म्हातारा होऊन मरतो. पण सिस्टर, तुम्ही आता एक मिनिटही थांबू नका."

जावयाने दोघींना पलंगाजवळ बोलावलं. मुलीला त्याने स्वतःच सांगितलं, एका दमात, खाली मान घालून. मग तिच्या आईपुढे हात जोडले. "मावशी, आधीच तपासून घेतलं असतं तर... माझ्या लाजेपायी तुमच्या जिवाशी खेळ झाला. मला माफ करा."

मुलगी टेबलाकडे वळली. तिने पेल्यात पाणी ओतलं आणि गोळी आईच्या तळहातावर ठेवली. "घे."

आईने मुकाट्याने गोळी गिळली. मग खाली वाकून त्याच्या पायांवरचं सरकलेलं पांघरूण नीट केलं; वर बघायचा धीर तिला होत नव्हता. ती सुई त्याच्या अंगाला लागलीच नव्हती. औषधांच्या खोलीत कोरं पाकीट फोडून तिने ती स्वतःच्या हाताने बोटात खुपसली होती.