बाहेर पडायचं बटण

आई गेल्यावर तिचा फोन बंद करून त्याने कपाटात ठेवून दिला. तरीही त्याच्या फोनवर आईच्या नावापुढचा हिरवा ठिपका तेवतच राहिला.

घरच्यांसाठीचं ते अ‍ॅप त्यानेच बनवलं होतं. कुणी ते उघडून बसलं, की त्याचा ठिपका उजळायचा. आई विचारायची, "अरे, यातून बाहेर पडायचं बटण कुठंय? परक्याच्या घरात उठायची चोरी असावी, तशी मी बसून राहते."

"आई, बटण लागत नाही हल्ली. बाजूला सारलं की ते आपोआप झोपतं."

"ते झोपतं रे. माझं काय?"

तेव्हा सगळे हसले होते. बायकोला तर ठसका लागला होता.

आता त्याने आईचं खातं पुसून टाकलं, फोन मोडीत दिला. ठिपका तसाच, कोनाड्यातल्या पणतीसारखा.

शेवटी एका दुपारी त्याने बटण बनवलंच. लाल, ठसठशीत, आईला चष्म्याशिवाय दिसेल एवढं. "घे बाई, सूट आता," असं पुटपुटत, चालतं का बघायला आधी स्वतःच दाबलं.

ठिपका विझला. आईचा नव्हे, त्याचा.

बायको चहा घेऊन आली. तो खुर्चीत बसला होता, त्याने हातही पुढे केला. ती मात्र रिकाम्या खुर्चीकडे बघावं तशी बघत दारातच थबकली.

"अहो आई, हे कुठं गेले?" तिने मागे वळून विचारलं.

"आत्ता तर इथंच होता," बाहेरच्या खोलीतून आई म्हणाली. "न सांगताच बाहेर पडला मेला."