अधिकातली गाडी

सिल्लोडच्या अलीकडं पुढच्या गाडीनं पुन्हा करकचून ब्रेक मारला, आणि मागच्या गाडीत सुदर्शनला आतून गारगार वाटलं.

पुढची पांढरी गाडी त्याचा साडू विश्वजीत चालवत होता. तिच्यात मागच्या सीटवर सासरे बन्सीराव आणि सासूबाई दगडाबाई. मागच्या तपकिरी गाडीत सुदर्शन आणि शेजारी शोरूमचा केयूर. दोन्ही गाड्या नव्या कोऱ्या, डिझेलच्या, ट्रायलसाठी आणलेल्या. फर्दापूरपर्यंत जायचं, तिथं सासू-सासऱ्यांनी तपकिरी गाडीत बसायचं आणि माघारी यायचं, असं ठरलं होतं.

“साहेब नेहमी असंच चालवतात?” केयूरनं विचारलं.

“पूर्वी नव्हते चालवत,” सुदर्शन म्हणाला. “कंत्राटं मिळायला लागली की पाय जड होतो माणसाचा.”

बन्सीरावांची करमाडची थोडी जमीन कारखान्याला गेली होती. त्यांनी आयुष्यात बैलगाडीपलीकडं काही हाकलं नव्हतं, आणि आता तर डोळ्यांत मोतीबिंदू. असा माणूस जेव्हा फोन करून म्हणतो, “अधिक महिना लागायच्या आत गाडी घ्यायचीय, दोघं जावई या अन् चालवून दावा,” तेव्हा त्याचा अर्थ काढायला एम.ए. व्हावं लागत नाही. सुदर्शन एम.ए. होऊन कॉलेजात शिकवत होता, तरी त्याला लगेच कळलं. अधिकात जावयाला बोलावून धोंड्याचं जेवण घालतात, वाण देतात. या खेपेचं वाण चार चाकांचं होतं. जावई मात्र दोन होते.

मागच्या अधिकातली जखम अजून ओली होती. तेव्हा सासू-सासरे महिनाभर काशी-प्रयाग-गया फिरले, आणि सोबत कोण, तर थोरला जावई. काशीच्या घाटावर तिघांचा फोटो, मध्ये विश्वजीत. सुदर्शनला मिळाली होती चांदीची वाटी. त्या वाटीत त्यानं आजवर काही खाल्लं नव्हतं.

फर्दापूरला गाड्या थांबल्या. दगडाबाई उतरल्या त्या थेट झाडाखालच्या दगडावर जाऊन बसल्या.

“मामी, लई त्रास झाला का?” सुदर्शननं शक्य तितक्या दुःखानं विचारलं.

“आतडी वर आली, जावईबापू.”

“माझं ड्रायव्हिंग आता राहिलं नाय, मामा,” विश्वजीत कंबर चोळत म्हणाला. त्याच्या शर्टाखालून जाड काळा पट्टा दिसत होता. जिमचा असणार, सुदर्शननं ताडलं. पोट आत घ्यायची नाटकं.

“तसं नाही, मामा,” सुदर्शन साडूच्या मदतीला धावला. “अंधारात यांना समोरच्या लाइटनं दिसत नाही, एवढंच. मागं दुभाजकावर गाडी चढली होती, तेव्हासुद्धा चूक दुभाजकाचीच होती.”

“दोनदा चढली,” विश्वजीत म्हणाला.

माणूस इतकं पडतं का घेतोय, असं सुदर्शनच्या मनात आलं. पण हरणाऱ्याला कारण विचारायची पद्धत नाही.

केयूरनं चहा सांगितला. “मामा, गावात आणि शहरातच फिरवायची असंल तर पेट्रोल बघा. ही नवी डिझेल गाडी अधनंमधनं लांब पळवावी लागती. नाहीतर धुराच्या नळीतली जाळी काजळीनं चोंदती. रनिंग किती असंल?”

“पळंल,” बन्सीराव म्हणाले.

दगडाबाईंना तेवढ्यात बरं वाटलं. पांढऱ्या गाडीतून त्यांनी शेगडी आणि पाण्याचा जार काढायला लावला, तपकिरी गाडीच्या डिकीत ठेवून पाहिला. मग मागच्या सीटवर चक्क आडव्या झाल्या, पाय दुमडले, सरळ केले. “व्हतंय,” त्या म्हणाल्या. सुदर्शनला भरून आलं. लेकीच्या सहलींचा विचार आईशिवाय कोण करणार? घरी जाऊन बायकोला, श्रेयाला हे सांगायचं त्यानं ठरवलं.

परतताना त्यानं गाडी अशी चालवली, जशी मांडीवर लोण्याची परात आहे. अजिंठ्याचा घाट तर त्यानं गाडीला कळू न देता चढवला. खड्डा दिसला की आधी माफी मागितल्यासारखा वेग कमी. फुलंब्रीला दगडाबाई घोरायला लागल्या. सुदर्शनला ते घोरणं सनईसारखं वाटलं.

“कालेजाला सुट्टी कवापर्यंत?” बन्सीरावांनी विचारलं.

“जूनच्या मध्यापर्यंत, मामा. मोकळाच आहे.”

“झ्याक.”

त्या संध्याकाळी सुदर्शननं सिडकोतल्या सोसायटीत भांडून सावलीतलं पार्किंग मिळवलं. चेअरमनशी बोलणं बंद झालं. गाडीपुढं चेअरमन म्हणजे काय?

अधिकाच्या पहिल्याच दिवशी दोघं जावई करमाडला जेवायला. अंगणात तपकिरी गाडी, बॉनेटवर झेंडूचा हार. धोंडे, वर तुपाची धार. जेवणं झाल्यावर बन्सीरावांनी विश्वजीतला तांब्याच्या ताटात अनारसे दिले. मग सुदर्शनला कुंकू लावलं आणि विड्याच्या पानावर ठेवून चावी दिली.

सुदर्शननं आधी चावी पाहिली नाही, साडूचं तोंड पाहिलं. इतक्या वर्षांनी ते जळताना बघायचं होतं. विश्वजीत शांतपणे अनारसा खात होता.

“लई हळुवार हात तुमचा,” बन्सीराव म्हणाले आणि टोपी सारखी करून गाडीत पुढं डावीकडं जाऊन बसले. दगडाबाई आतून वळकटी घेऊन आल्या. मागं शेगडी, जार, पिठाचा डबा. त्या मागच्या सीटवर आडव्या झाल्या.

“चला, जावईबापू,” बन्सीरावांनी काच खाली केली. “सोमनाथापासून धरू. बाराही ज्योतिर्लिंगं महिन्यात व्हतील. माघारी आलो की गाडी हितंच अंगणात राहील, तुमाला पार्किंगची दगदग नको.”

विश्वजीत हात धुऊन आला. त्यानं शर्ट वर केला, कमरेचा काळा पट्टा सोडला आणि सुदर्शनच्या हातात दिला.

“घ्या, साडूभाऊ. मागच्या अधिकात मी बिनपट्ट्याचं चालवलं.”