एका ‘नको’चा टेक

“ताई, ‘नको’ जरा गोड करा.”

काचेपलीकडून दिग्दर्शकाचा आवाज हेडफोनमध्ये आला. ताईने मान डोलावली आणि पडद्याकडे पाहिलं. तिथे नायकाने नायिकेचं मनगट धरून तिला भिंतीशी नेलं होतं. नायिका बोलत होती ते परक्या भाषेत. तिच्या ओठांवर आपले शब्द बसवायचे, हे ताईचं काम. “नको. सोड हात.” एवढंच होतं वाक्य.

परदेशी मालिकांच्या नायिकांना आवाज देण्यात ताईला तोड नव्हती. रडणं, फणकारणं, लाजणं म्हणजे तिच्या डाव्या हातचा मळ. त्यातही तिचं ‘नको’ खास. नाही म्हणतानाच हो ऐकू आलं पाहिजे, अशी प्रत्येक दिग्दर्शकाची फर्माईश असायची, आणि ज्याला जेवढा मध हवा तेवढा ती त्यात घालायची.

तिने पुन्हा म्हटलं. दिग्दर्शकाचं समाधान झालं नाही. मागे व्हायोलिन वाजणार आहे, त्यामुळे आणखी लाजरं चालेल, असं त्याचं म्हणणं पडलं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि तो बाहेर गेला. चित्र होतं तिथेच थांबलं.

काचेपलीकडे रेकॉर्डिस्टकाकांच्या शेजारी ताईची लेक बसली होती. ऑफिसातून परस्पर आली होती. काम आटोपलं की दोघींना लग्नाच्या खरेदीला जायचं होतं. होणारा जावई लाखात एक, असं ताई भेटेल त्याला सांगत सुटली होती. हसरा, मोकळा, आणि वर आपल्या आईबरोबर बसून रोज ही मालिका बघणारा. तुमचं ते ‘नको’ ऐकलं की दिवसाचा शीण जातो, असं तो पहिल्याच भेटीत म्हणाला होता. ताईला आकाश ठेंगणं झालं होतं.

लेक उठली आणि जाड दार ढकलून आत आली. थांबलेल्या चित्रासमोर ती जरा वेळ उभी राहिली.

“आई, हे गोड का म्हणायचं? ती तर घाबरलीय.”

ताईने पाहिलं. इतकी वर्षं तिची नजर असायची ती ओठांवर. ते कधी उघडतात, कधी मिटतात, यापलीकडे बघायला तिला सवड नसायची. आज तिने नायिकेचे डोळे पाहिले. लेक म्हणत होती ते खरं होतं. गंमत आहे, तिला वाटलं. संगीत घातलं की एवढं वाटत नाही, असं ती लेकीला म्हणालीसुद्धा.

लेक मात्र चित्रासमोरून हलली नाही.

“मला खरं ‘नको’ म्हणायला शिकवशील?”

ताई हसली. लेक हसली नाही.

“तो हात धरतो ना, अगदी दुखेपर्यंत धरतो. मी नको म्हटलं की हसतो. म्हणतो, थेट तुझ्या आईसारखं म्हणतेस.”

कोण, हे ताईने विचारलं नाही. तिला भीती वाटली, पण भीतीच्या आधी तिच्यातली कारागीर जागी झाली. आवाजातच काही खोट असेल तर ती काढता येते, तेच तर तिला येतं. लेकीच्या बोलण्यात कुठेतरी आपला हेल उतरला असेल, एखादं हसू मिसळत असेल. त्याला म्हणतेस तसंच म्हण, असं सांगून तिने लेकीला माइकसमोर उभं केलं, काकांना खूण केली आणि डोळे मिटून हेडफोन कानांवर घट्ट दाबला.

“नको. सोड हात. दुखतंय मला.”

ताईने तिला पुन्हा म्हणायला लावलं, आणि मग आणखी एकदा. ती मध शोधत होती. हेल, लाडीगोडी, शेवटाला आलेलं हसू, काहीतरी सापडेल म्हणून कान देऊन ऐकत होती. त्या आवाजात यातलं काहीच नव्हतं. काचेपलीकडे काकांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला होता. त्यांनी बोलायचं बटण दाबलं.

“पोरी, कोण त्रास देतंय तुला?”

ताईने डोळे उघडले. जे काचेपलीकडच्या माणसाला कळलं, ते हात धरून उभ्या असलेल्याला कळत नव्हतं, असं कसं झालं असेल? याचं उत्तर तिला नको होतं, पण ते समोरच येऊन उभं राहिलं. त्याचे कान तयार झाले होते ते रोज संध्याकाळी, तिच्याच आवाजावर.

“तुझ्या बोलण्यात काही चुकत नाहीये,” ती लेकीला म्हणाली. आजची खरेदी राहू दे, आधी घरी जाऊन बोलू, आणि त्याच्या घरी काय सांगायचं ते मी सांगते, असंही म्हणाली. लेकीने मान हलवली, पण ती बाहेर गेली नाही. तिथेच कोपऱ्यात भिंतीला टेकून खाली बसली.

दिग्दर्शक परतला. चला, एक शेवटचा घेऊ या, असं म्हणून त्याने चित्र सुरू करायला लावलं. नायकाने मनगट धरलं, नायिका भिंतीला टेकली. ताईने या वेळी ओठांकडे पाहिलं नाही. नायिकेच्या डोळ्यांत बघत, लेकीने म्हटलं होतं तसं तिने ते वाक्य म्हटलं.

काचेपलीकडे काकांनी चित्र थांबवलं. मग दिग्दर्शकाने बटण दाबलं.

“ओठ मस्त बसलेत, ताई. पण असं म्हटलंत तर लोकांना वाटेल, तिला खरंच नकोय.”